ताडमाडांच्या वयाचा दाखला

कामगारांच्या बोलीत ‘नारळ मिळाला’ म्हणजे नोकरी गेली. व्याख्यानमालेत मात्र वक्त्याला शालीबरोबर नारळ मिळतो आणि तो मानाचा असतो. एकाच फळाचे हे दोन्ही अर्थ मी गेली तीस वर्षे ऐकत आलो आहे. त्यांतला पहिला अर्थातच जास्त वेळा. तेव्हा कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने नारळावर आणि नारळाच्या भाऊबंदांवर बोलायला उभे राहावे, यात फारसे नवल वाटू नये. कामगार कायद्यांवर मी वर्षभर बोलतच असतो. ऐकणाऱ्यांनाही कधीतरी भरपगारी रजा मिळायला हवी.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेला नाही. शाळा सातवीत सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि रेल्वेच्या डब्यात झाले. फेडरेशनच्या बैठकीला किंवा मंत्रालयात निवेदन घेऊन जायचे म्हणजे मलकापूरहून रात्रीची गाडी धरायची. गाडी पहाटे मुंबईत सोडते आणि साहेब भेटतात दुपारी चारनंतर. मधले आठदहा तास काय करायचे हा प्रश्न मी मुंबईचे ताडमाड हुडकून सोडवला. खिशात मोबाइल होताच. फोटो काढू लागलो, वहीत नोंदी करू लागलो. पुढे पुढे ध्यानात आले की या छंदाला एक कामाची बाजूही आहे. ती बाजू मांडणे हाच आजचा हेतू. पण तिथवर पोचण्याआधी झाडांची ओळख करून घेतली पाहिजे.

आपल्या वऱ्हाडी माणसाला या कुळीतले एकच झाड लहानपणापासून ठाऊक असते, ते म्हणजे नाल्याकाठची शिंदी. नारळ आपण पाहतो तो बाजारात. शेगावला मंदिराच्या वाटेवर नारळांचे ढीग दिसतात, त्यांची झाडे मात्र शेकडो मैल दूर. म्हणून मुंबईत गेलो की उंच, बिनफांद्यांचे, शेंड्याला झुबका असलेले प्रत्येक झाड आपल्याला नारळाचेच वाटते. खुद्द मुंबईकरांचेही फारसे निराळे नाही. ते नारळ सोडून बाकी सगळ्याला ‘पाम’ म्हणतात आणि मोकळे होतात.

ओळख पानापासून सुरू करावी. पान दोन तऱ्हांचे. एक पक्ष्याच्या पिसासारखे: मधे लांब दांडा आणि दोन्ही बाजूंना अरुंद पाती. माड, पोफळ, शिंदी, खजूर ही सारी पिसांच्या पानांची मंडळी. दुसरे पान पंख्यासारखे: दांड्याच्या टोकाशी सगळ्या पात्या एकत्र जुळलेल्या. ताड हा पंख्याच्या पानाचा. हातपंखा ताडपत्राचा होतो आणि जुन्या पोथ्या ताडपत्रावर लिहिल्या गेल्या त्या या रुंद पानामुळेच. कोकणातला भेरली माड तेवढा या दोन्ही वर्गांत बसत नाही. त्याचे पान दोनदा विभागलेले असते आणि प्रत्येक तुकडा माशाच्या शेपटीसारखा दिसतो. मंडपाच्या दाराशी सजावटीला ही पाने बांधलेली तुम्ही पाहिली असतील. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हे झाड रानात उभे असलेले दिसते.

ही वर्गवारी पुस्तकातून पाठ करण्याची गरज नाही, ती आपल्या घरच्या कोपऱ्यात उभी आहे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण जी केरसुणी पूजतो ती शिंदीच्या पात्यांची. मातंग समाजातल्या बायाबापड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काट्यांनी बोटे फाडून घेत ही पाने कापली, वाळवली, बांधली; आपण वर्षातून एक दिवस त्यांच्या मालाला हळदकुंकू वाहतो आणि भाव करताना दोन रुपये कमी करून घेतो. अंगणात लागतो तो खराटा मात्र माडाच्या हिरांचा. माडाच्या प्रत्येक पातीच्या मधोमध एक कडक काडी असते, तिला हीर म्हणतात. पाती सोलून टाकली की हीर उरतो. मुंबईत पहाटे रस्त्यावर सफाई कामगारांच्या खराट्याची जी खरखर ऐकू येते ती माडाची. म्हणजे घर शिंदीने झाडायचे आणि अंगण, रस्ता माडाने. या दोन्ही वस्तू पिसाच्या पानांच्या. पंख्याच्या पानाच्या पात्या मात्र एकमेकींना चिकटून असतात. एवढे ध्यानात ठेवले तर निम्मे काम झाले.

उरलेल्या निम्म्यासाठी खोड पाहावे. माडाचे खोड बुंध्याशी फुगीर, पुढे थोडे कललेले, अंगावर गळून गेलेल्या झावळ्यांचे वळ. पोफळ काठीसारखी बारीक आणि हिरवी, तिच्यावर पांढरी कडी. शिंदीचे खोड खडबडीत, जुन्या देठांचे खुंट अंगावर तसेच राहिलेले. शिंदी आणि खजूर या सख्ख्या बहिणी. फरक असा की खजुराला बुंध्याशी पिल्ले फुटतात आणि पान निळसर राखी दिसते, शिंदी एकटी असते. ताडाचे खोड काळपट आणि दणकट, देठांच्या कडा करवतीसारख्या.

आणि मग येतो तो रॉयल पाम. मोठ्या फाटकांच्या आत, बंगल्यांच्या दुतर्फा, सोसायट्यांच्या दाराशी रांगेने उभा असतो तो. खोड सिमेंटचे ओतल्यासारखे गुळगुळीत आणि करडे, मधे किंचित पोट सुटलेले, वर हिरवा चकचकीत दंड आणि त्यावर पिसांचा झुबका. मुंबईत पुष्कळजण त्याला बॉटल पाम म्हणतात. खरा बॉटल पाम निराळा, तो बुटका आणि बाटलीच्या आकाराचा, मॉरिशसकडच्या बेटांवरचा. रॉयल पाम हा क्यूबाचा. तिथले ते राष्ट्रीय झाड आहे. झाडाशी माझे भांडण नाही. परंतु त्याची लागवड करणारांनी एक साधी गोष्ट पाहावी. रोजंदारीचे मजूर पहाटे नाक्यावर उभे राहतात ते वडाखाली, पिंपळाखाली, शिरीषाखाली. रॉयल पामच्या रांगेखाली भरलेला मजूर नाका माझ्या तरी पाहण्यात नाही. तो शोभा देतो, सावली देत नाही. आणि रस्त्याकडेच्या झाडाकडून उन्हातल्या माणसाची पहिली मागणी सावलीचीच असते.

मुंबईचे मूळचे पाम शोभेचे नव्हते, पोटाचे होते. ताडदेव या नावात ताड आहे तो उगाच नव्हे. माहीमकडे माडांची दाट बने होती. त्या माडांच्या मुळाशी मासळीचे खत घालीत; त्याच्या वासाने शहराची हवा बिघडते आणि साहेब लोक मरतात अशी ईस्ट इंडिया कंपनीच्या अंमलदारांची समजूत होती, म्हणून त्या खताला बंदीही झाली. माड आणि ताड छेवून माडी-ताडी काढणारा समाज भंडाऱ्यांचा. गव्हर्नर ऑन्जिअरने सतराव्या शतकात मुंबईच्या राखणीसाठी जी शिबंदी उभी केली, तीत भंडाऱ्यांचा भरणा होता. पुढे १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला, छेवायच्या प्रत्येक झाडावर कर बसला आणि तो वाढत गेला. तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या भंडाऱ्यांनी झाडे छेवणेच बंद करून सरकारला अडवून पाहिले. मुंबईच्या गिरण्यांतले मोठे संप अजून पुढेच होते. आमच्या चळवळीच्या इतिहासात या झाडावरच्या संपाला जागा मिळाली पाहिजे, असे माझे मत आहे.

पाम एका ठिकाणी पाहायचे असतील तर भायखळ्याची राणीची बाग. १८६१ साली ती उभी राहू लागली, पुढच्या वर्षी लोकांना खुली झाली. तिचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. सिंदखेडराजाला १५९८ साली जन्मलेली आपली लेक. तिच्या नावाच्या बागेत बुलढाण्याच्या माणसाने परक्यासारखे वागू नये. बहुतेक लोक तिथे पेंग्विन आणि वाघ पाहून परततात. वस्तुतः ही आधी झाडांची बाग आहे, जनावरे मागाहून आली. या शतकात बागेचा कायापालट करण्याची मोठी योजना निघाली, तेव्हा झाडांसाठी काही नागरिक उभे राहिले. त्यांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. एकेका झाडाची नोंद केली, फोटो काढले, माहिती छापली आणि त्या आधारावर महानगरपालिकेशी वाद घातला. त्यांच्या या पद्धतीकडे मी पुन्हा वळणार आहे.

मुंबईच्या पामांचा मोठा जाणकार एक स्विस जेझुइट पाद्री होता. फादर एथेलबर्ट ब्लॅटर १९०३ साली मुंबईस आले आणि सेंट झेवियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. हिंदुस्थान आणि सिलोनमधल्या पामांवरची त्यांची लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून आली आणि १९२६ साली तिचे जाडजूड पुस्तक झाले. त्यात वर्णनांबरोबर झाडांची छायाचित्रे आहेत. कॉलेजातला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आजही ब्लॅटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो. इथे एक अडचण समजून घ्या. आंब्याची डहाळी कागदात दाबून ठेवता येते. माडाची पंधरा फुटी झावळी कुठल्या कागदात दाबणार? म्हणून पामांच्या अभ्यासाला छायाचित्रावाचून गत्यंतर नाही.

बजरबट्टूचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. लहान मुलाला दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात जो काळा मणी बांधीत, तो या पामच्या बीचा. पान पंख्याचे, पण इतके अवाढव्य की एका पानाखाली चारपाच माणसे पावसात उभी राहतील. हे झाड तीस ते ऐंशी वर्षे नुसते वाढते, फूल नाही, फळ नाही. मग एकदाच शेंड्यावर पंधरावीस फूट उंचीचा तुरा येतो, लाखो फुले फुलतात, फळे धरतात आणि झाड मरते. खोडात जन्मभर साठवलेले पीठ त्या एका बहरात खर्ची पडते. आयुष्यभराचा प्रॉव्हिडंट फंड एकदम काढावा आणि त्याच वर्षी डोळे मिटावेत, तसा हा प्रकार.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पामचे वय कसे सांगायचे?

आंबा, चिंच, निंब यांच्या सालीखाली एक जिवंत थर असतो. तो दरवर्षी आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेर साल घालतो, म्हणून खोड जाड होत जाते. जिथे ऋतू ठळक असतात तिथल्या कित्येक झाडांत त्या लाकडाची वर्तुळे मोजता येतात. नाहीच मोजता आली तरी घेरावरून अंदाज बांधता येतो. पामला हा थरच नाही. नात्याने तो गवताच्या, उसाच्या, बांबूच्या बाजूचा. रोप असताना काही वर्षे तो जमिनीलगतच बसतो आणि हवी तेवढी रुंदी आधी मिळवून घेतो. मग उंची धरतो. पुढे त्याच्या बुंध्याभोवती पुन्हा लाकडाचे थर चढत नाहीत. वीस वर्षांच्या आणि साठ वर्षांच्या माडाच्या बुंध्याला टेप लावली तर आकडा जवळजवळ सारखाच येऊ शकतो. आपण मुलाला ‘ताडमाड वाढला’ म्हणतो ते अगदी शास्त्रशुद्ध आहे: नुसता वर गेला, अंगाने भरला नाही.

ही गंमत वाटेल, पण तिच्यात कायद्याचा पेच आहे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. झाड तोडायचे असेल तर परवानगी लागते. त्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, झाडावरही ठळक जागी नोटीस लावावी लागते आणि लोकांना हरकत घेता येते. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’, म्हणजे वारसावृक्ष, असा दर्जा सांगितला गेला. शिवाय तोडलेल्या झाडाच्या बदल्यात किती झाडे लावायची, हेही त्याच्या वयाशी जोडले गेले: जितकी वर्षे तितकी झाडे. म्हणजे वय हा नुसता कौतुकाचा आकडा राहिला नाही, तो हिशेबाचा आकडा झाला. पंचावन्न वर्षांचा माड कागदावर पस्तीस वर्षांचा झाला तर वीस झाडे कमी लावावी लागतात आणि वारसावृक्षाचा दर्जाही हातचा जातो. घेर मोजून अंदाज करण्याची पद्धत पामच्या बाबतीत जात्याच लंगडी. मग आकडा कोण लिहिणार? ज्याच्या हातात पेन तो.

आम्हाला हा पेच नवा नाही. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या जुन्या मंडळींना जन्मतारीख ठाऊक नसे. नोकरीवर घेताना कारकून तोंडाकडे पाहून रजिस्टरात ‘वय अंदाजे’ म्हणून आकडा टाकी. तीस वर्षांनी तोच आकडा माणसाच्या मानगुटीवर बसे. एका कारखान्यात एका हमालाला रजिस्टरप्रमाणे वयाची अठ्ठावन्न पुरी झाली म्हणून घरी बसवले. तो म्हणे, मी चोपन्नचा. चार वर्षांच्या पगाराचा प्रश्न होता. डॉक्टरांनी हाडे पाहून सांगितलेले वयसुद्धा अंदाजच असतो, दोन वर्षे इकडे, दोन तिकडे. शेवटी त्याच्या गावचे जुने कोतवाल बुक उघडले, त्यात जन्माची नोंद सापडली आणि माणूस कामावर परत गेला. वऱ्हाडात कोतवाल बुकाने असे किती संसार सावरले असतील, त्याची गणती नाही. माडाला, ताडाला, शिंदीला कोतवाल बुक नाही. तारीख असलेला फोटो हेच त्यांचे कोतवाल बुक.

झाडाच्या अंगावर काहीच लिहिलेले नसते असे मात्र नाही. चांगल्या जोपासलेल्या माडाला साधारण महिन्याला एक झावळी येते आणि जुनी गळते. प्रत्येक झावळी खोडावर एक वळ ठेवून जाते. बारा वळ म्हणजे ढोबळमानाने एक वर्ष. त्यात खोड जमिनीवर दिसू लागण्याआधीची सुरुवातीची वर्षे मिळवायची. जुन्या माडाच्या वरच्या भागात वळ दाटीने येतात, दुष्काळी वर्षांतही ते जवळ सरकतात आणि झावळ्याही कमी येतात, तेव्हा हा अंदाजच. पण टेपेपेक्षा पुष्कळ बरा. वर चढण्याचेही कारण नाही. खोडाचे तीनचार टप्प्यांत स्वच्छ फोटो घेतले की घरी बसून, बोटांनी चित्र मोठे करून, वळ मोजता येतात.

शिंदीची गोष्ट आणखी मनोरंजक आहे. माड आणि ताड यांची पोय छेवून रस काढतात, खोडाला धक्का लागत नाही. शिंदीच्या मात्र खोडालाच शेंड्याखाली चीर देतात. एका हंगामात एका बाजूला, पुढच्या हंगामात उलट बाजूला. त्यामुळे वर्षानुवर्षे छेवलेल्या शिंदीचे खोड नागमोडी दिसते, एकदा डावीकडे खाच, एकदा उजवीकडे. एक खाच म्हणजे एक हंगाम. खाचा मोजाव्यात, छेवायला घेण्यापूर्वीची सहासात वर्षे मिळवावीत, की झाडाचे निदान तेवढे वय ठरले. मधे काही वर्षे विसावा दिला असेल तर वय जास्तच असणार, कमी नाही. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, पुढे त्यात पुष्कळ फेरफार झाले, नीरेला परवाने मिळाले, ताडीवर कधी बंदी तर कधी सवलत. पण झाडावरच्या खाचा कोणी पुसू शकले नाही. कोयतीने पोट भरणाऱ्या कुणा अक्षरशत्रू माणसाने केलेली ही नोंद आहे.

बाकी सगळ्या पामांसाठी फोटोच. आणि फोटो काढणे म्हणजे मोबाइल उंच धरून बटण दाबणे नव्हे.

पाम उंच आणि अरुंद, म्हणून मोबाइल उभाच धरावा. बुंध्याशी उभे राहून वर पाहत काढलेला फोटो झोकदार दिसतो, पण त्यात उंची कळत नाही आणि खोड मागे पडल्यासारखे वाटते. झाडाच्या उंचीइतके तरी मागे सरावे. गर्दीच्या मुंबईत हे जमत नाही. अशा वेळी समोरच्या इमारतीच्या जिन्यातून, रेल्वेच्या पादचारी पुलावरून फोटो घ्यावा. झाडाशेजारी एक माणूस उभा करावा, म्हणजे मापाला काही हाताशी राहते. दुपारच्या उन्हात झावळ्या पांढऱ्या पडतात आणि खोड काळे. सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात खोडावरचे वळ उठून दिसतात. एका झाडाचे चार तरी फोटो हवेत: पुरे झाड, शेंडा, खोड, आणि फूल किंवा फळ असेल तर ते. त्यावरून जाणकार माणूस दूर बसूनही झाड ओळखू शकतो.

पण पुराव्याच्या दृष्टीने महत्त्वाचे काय, तर शेजारपाजार. नुसत्या आभाळावरचा माड कुठलाही असू शकतो. फोटोत विजेचा खांब यावा, खांबावरचा नंबर यावा, दुकानाची पाटी, देवळाचा कोपरा, कंपाउंडची भिंत यावी. वहीत जागा, तारीख, वेळ लिहावी आणि पुढच्या वर्षी त्याच जागी उभे राहून तोच फोटो पुन्हा काढावा. मोबाइलच्या मूळ फोटोत तारीख आणि वेळ नोंदलेली असते. तोच फोटो व्हॉट्सअॅपवरून साधेपणी पाठवला की ती नोंद गळून पडते. म्हणून गटात कितीही फिरवा, मूळ प्रत जपून ठेवा. मूळ हजेरीपट आणि त्याची नक्कल यांत कोर्ट जो फरक करते, तोच इथे आहे.

जुने फोटो तर सोन्याच्या मोलाचे. पन्नास वर्षांपूर्वी मुंबईला गेलेले कुटुंब राणीच्या बागेत, एखाद्या मैदानाच्या कडेला किंवा चौपाटीवर उभे राहून फोटो काढून घेई. घरच्या अल्बममध्ये आजोबा टोपी घालून उभे असतात आणि मागे एक पाम असतो. आजवर आपण त्या फोटोत आजोबाच पाहिले. मागचे झाड आज त्याच जागी उभे असेल तर त्याच्या वयाचा तो दाखला आहे. फोटोमागे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख असेल तर प्रश्नच मिटला. ब्लॅटरच्या पुस्तकातले एखादे मुंबईचे झाड आजही ओळखता आले तर त्याला जवळजवळ शंभर वर्षांचा पुरावा मिळेल.

फोटो नेहमी झाड वाचवण्यासाठीच असतो असेही समजू नका. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला नारळाचे झाड कोसळून रस्त्याने चाललेली एक स्त्री दगावली. त्या झाडाविषयी रहिवाशांनी आधी तक्रार केली होती अशा बातम्या तेव्हा आल्या. पाम मरतो तो शेंड्यातून. त्याला वाढीचा कोंब एकच असतो. तो किडला की संपले. दरवर्षीचे फोटो शेजारी ठेवले तर शेंडा आकसतो आहे, खोड वर निमुळते होते आहे, झुकाव वाढतो आहे, हे साध्या डोळ्यांना दिसते. अशा झाडासाठी फोटो जोडून अर्ज करावा तो ते उतरवण्यासाठी. माणसाच्या डोक्यावर पडणाऱ्या झाडाची बाजू घेणारा मी नव्हे.

आणि ही सगळी मुंबईची कथा म्हणून आपण इथे निवांत बसण्याचे कारण नाही. तो कायदा नगरपालिकांनाही लागू आहे. खामगाव, मलकापूर, चिखली, बुलढाणा, कुठेही. आपल्याकडे झाडावर नोटीस लागते ती बहुधा वड-निंबावर. शिंदीकडे झाड म्हणून कोणी पाहतच नाही. नाला सरळ करताना, रस्ता रुंद करताना ती आधी जाते आणि मग दिवाळीला केरसुणी महाग झाली म्हणून आपण कुरकुरतो.

मुंबईच्या अंगाला ताड पाहायचे असतील त्यांनी मार्व्याहून होडीने खाडी ओलांडून मनोरीला जावे आणि तिथून गोराईपर्यंत पायी हिंडावे. सध्याचे दिवस त्यासाठी उत्तम. ताडात नर आणि मादी ही झाडे वेगळी असतात. एरवी दोघांत फरक दिसत नाही. चैत्र-वैशाखात मात्र मादीवर काळपट हिरव्या फळांचे घोस लटकतात आणि नरावर बोटांएवढ्या जाड, लांब शेपट्या. ताडगोळे फक्त मादीचे. एका फळात बहुधा तीन. ताडी दोघांचीही. फळे उतरवली की मादी ओळखणे पुन्हा अवघड, म्हणून जायचे ते पावसाआधी. किनारा पश्चिमेचा आहे, तेव्हा सकाळी सातच्या सुमारास समुद्राकडे तोंड करून उभे राहावे. ऊन पाठीशी असते आणि खोडावरचे वळ बुंध्यापासून शेंड्यापर्यंत मोजता येतात.